चौकटीच्या कडेची माणसे



ज्या मास्तरांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो, ते उभ्या आयुष्यात एकदाही तोंडाला रंग लावून रंगमंचावर आले नाहीत. जत्रेतल्या आणि काल्याच्या नाटकांना ते प्रॉम्प्टर म्हणून विंगेत बसत. म्हणून व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी विषय विचारला तेव्हा मी फार विचार केला नाही. जी माणसे नाटकात, सिनेमात, मालिकेत असतात आणि तरी नामावलीत कुठे नसतात, त्यांच्याबद्दल आज बोलायचे आहे. मुंबईच्या स्टुडिओत पूर्वी त्यांना ‘एक्स्ट्रा’ म्हणत, आता ‘ज्युनियर आर्टिस्ट’ म्हणतात. आपल्या गावच्या नाटकात ‘पार्ट कसला?’ असे विचारले की ‘भालदाराचा’ असे उत्तर येते, तोच हा माणूस.

विषय मुरगावात मांडायला एक खास कारण आहे. १९४३ च्या मार्च महिन्यात, ९ तारखेच्या रात्री, ‘फीबी’ नावाची चिखल वाहून नेणारी एक जुनी बार्ज आपल्या बंदरात शिरली. गोवा पोर्तुगिजांचा, पोर्तुगाल युद्धात तटस्थ, आणि बंदरात आसरा घेऊन उभी असलेली ‘एहरेनफेल्स’ ही जर्मन बोट. तिच्यावरच्या छुप्या ट्रान्समीटरवरून मित्रराष्ट्रांच्या जहाजांची खबर जर्मन पाणबुड्यांना जाते, असा ब्रिटिशांचा संशय होता. फीबीवर आलेले लोक होते कलकत्ता लाइट हॉर्स आणि कलकत्ता स्कॉटिश या हौशी पलटणींतले: कोणी व्यापारी, कोणी कंपनीतला साहेब, बरेचसे चाळिशी ओलांडलेले. त्या रात्री एहरेनफेल्स बुडाली, आणि इतर जहाजांच्या खलाशांनीही आपापली जहाजे स्वतःच बुडवली. ही कामगिरी इतकी गुप्त ठेवली गेली की या माणसांना ना पदक मिळाले, ना कुठे त्यांचे नाव छापून आले. १९७८ मध्ये जेम्स लीझर यांचे पुस्तक आले तेव्हा जगाला हे कळले आणि १९८० मध्ये त्यावर ‘द सी वुल्व्ज’ हा चित्रपट निघाला. ग्रेगरी पेक, रॉजर मूर, डेव्हिड निव्हन अशी बडी मंडळी त्यात होती आणि चित्रीकरण आपल्या गोव्यात झाले.

आता तो चित्रपट पाहायची माझी पद्धत सांगतो. रॉजर मूरकडे मी बघत नाही. त्याच्या खांद्यामागून जाणारी माणसे बघतो. कुठलेही मोठे चित्रीकरण गावात आले की त्याला बाजार भरवायला, धक्क्यावर वर्दळ दाखवायला, नाचात जोड्या उभ्या करायला माणसे लागतात आणि ती आसपासच्या गावांतूनच येतात. एक दिवसाची मजुरी आणि जेवण. तुमच्यापैकी कोणाच्या घरी ‘आमचा मामा त्या पिक्चरमध्ये होता’ अशी गोष्ट चालत आलेली असेल, तर ती हसण्यावारी नेऊ नका. जाणत्या मंडळींना विचारा कुठल्या प्रसंगात, कुठल्या बाजूला, आणि लिहून ठेवा. का लिहून ठेवायचे, तेच पुढच्या तासाभरात सांगणार आहे.

आधी हे काम म्हणजे नेमके काय, ते पाहू. पुष्कळांना वाटते, त्यात काम असे काही नाही, उभे राहिले की झाले. समजा हॉटेलातला प्रसंग आहे. पुढच्या टेबलावर नायक-नायिका बोलताहेत, मागे सहा टेबलांवर बारा माणसे जेवताहेत. संवाद जागेवरच ध्वनिमुद्रित होत असेल तर या बारा जणांनी नुसते ओठ हलवून गप्पा मारायच्या. हसायचे ते आवाज न करता. पेला टेबलावर ठेवायचा तो टेकू न देता. नायकाने तिसऱ्या वाक्याला मान वळवली की मागच्या वेटरने डावीकडून उजवीकडे जायचे. याला युनिटवर ‘पासिंग देणे’ म्हणतात. हे एकदा जमले म्हणून सुटका होत नाही. नायिका वाक्य चुकली, दिवा हलला, विमान गेले, की पुन्हा पहिल्यापासून. आणि दहाव्या वेळी वेटरचे पाऊल त्याच वाक्यावर उचलले गेले पाहिजे, पेल्यातले पाणी तेवढेच असले पाहिजे, तोंडातला घासही तसाच रेंगाळला पाहिजे. नाहीतर संकलकाच्या टेबलावर दोन तुकडे जुळत नाहीत. एवढे करून कॅमेऱ्याकडे एकदाही पाहायचे नाही. नाच असेल तर आणखी कठीण: संवादाच्या वेळी संगीत बंद करतात आणि मागच्या जोड्या मनातला ठेका धरून नाचत राहतात.

अभिनयाच्या शाळेत आपण लक्ष वेधून घ्यायला शिकवतो. या माणसाला नेमके लक्ष न वेधता खरे दिसायचे असते, आणि माझ्या मते ते अधिक अवघड आहे. गर्दीतला एक जण खोटा वागला की प्रेक्षकाला काय बिघडले ते कळत नाही, पण प्रसंगावरचा त्याचा विश्वास उडतो.

आपल्या सिनेमाची सुरुवातच या माणसांपासून आहे. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनला गेले, विल्यमसन कॅमेरा घेऊन आले आणि ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. तारामतीसाठी बाई मिळेना, तेव्हा ग्रँट रोडच्या एका खानावळीत काम करणारा अण्णा साळुंके हा तरुण त्यांनी उचलला. महिना दहा रुपये मिळत होते, फाळक्यांनी पंधरा देऊ केले. पुढे १९१७ च्या ‘लंकादहना’त याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोघेही केले. साळुंक्यांचे नाव तरी राहिले. पण त्या पहिल्या चित्रपटाच्या बाह्यचित्रीकरणाची एक हकीकत सांगितली जाते, ती मला जास्त जवळची वाटते. मंडळी वांगणीला पुढे गेली होती, फाळके मागून येणार होते. तलवारी, भाले, ढाली घेऊन ही पलटण गावात शिरलेली पाहून गावकऱ्यांना वाटले दरोडेखोर आले. पाटलाने सगळ्यांना अडकवून ठेवले. सिनेमा नावाची वस्तूच कोणी पाहिलेली नाही, तर आम्ही खोटे सैनिक आहोत हे पटवणार कसे? फाळके येऊन समजावीपर्यंत ते अडकून राहिले. भारतीय सिनेमातल्या गर्दीच्या कलावंतांना मिळालेली ही पहिली दाद. त्यांचे वेश, त्यांची चाल गावाला खरी वाटली. पण भाला धरलेले ते हात कोणाचे होते?

आता ज्या माणसासाठी मुख्यतः हे व्याख्यान बांधले, त्याच्याकडे येतो. भगवान आबाजी पालव. भगवानदादा. जन्म १ ऑगस्ट १९१३, अमरावतीचा. म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’ आणि भगवानदादा एकाच वर्षाचे. वडील गिरणी कामगार, वाढले मुंबईच्या दादर-परळ भागात. कुस्तीचा नाद, शरीर दणकट, शाळा थोडी. मूकपटांत लहानसहान कामे करत ते शिरले, ते गर्दीच्या दारानेच. मग मारामारीचे स्वस्त स्टंटपट काढू लागले. दिग्दर्शन तेच करायचे, कामही तेच करायचे, आणि तो सिनेमा पिटातला कामगार डोक्यावर घ्यायचा. १९४२ मध्ये ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात एका प्रसंगात त्यांनी ललिता पवार यांना मारलेली थप्पड जोरात बसली. ललिताबाईंच्या चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली, उपचारांत काही वर्षे गेली. येवल्याची ही मुलगी नायिका होती. परत आली ती चरित्र अभिनेत्री म्हणून, आणि पुढची कित्येक दशके चौकटीच्या कडेला उभे राहून तिने मधल्यांना झाकोळून टाकले. ‘बॉम्बे टू गोवा’च्या बसमध्येही ती आहे, हे इथे गोव्यात सांगायला हवे. भगवानदादांचा प्रवास मात्र उलट व्हायचा होता.

१९५१ मध्ये ‘अलबेला’ आला. नायक भगवान, नायिका गीता बाली, संगीत पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचे. बुटका, जाडसर, कुठल्याही मापाने नायक न शोभणारा हा माणूस पडद्यावर आला आणि लोक खुर्चीत बसून राहीनात. त्याचा नाच नीट पाहिलात तर त्यात कसरत काहीच नाही. गुडघे किंचित वाकलेले, कोपरे अंगाजवळ, हात मनगटातून सैल सोडलेले, खांदा एकदा इकडे एकदा तिकडे, आणि पाऊल जागच्या जागी. गणपतीच्या मिरवणुकीत गिरणगावातला माणूस जसा नाचतो तसाच हा नाच आहे; नायकाने तो पडद्यावर नेला. अमिताभ बच्चन यांच्या नाचात भगवानदादांची छाया आहे, असे जाणकार सांगतात, आणि दोघांचे नाच एकापाठोपाठ पाहिलेत तर तुमचीही खात्री पटेल.

‘अलबेला’त आपलाही एक माणूस आहे. हळदोण्याचे अँतोनियो झेवियर वाझ, ज्यांना मुंबई ‘चिक चॉकलेट’ म्हणून ओळखत असे. ट्रम्पेट वाजवणारे. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गोव्याची शेकडो माणसे होती, पण ती ध्वनिमुद्रणाच्या खोलीत. पडद्यावर त्यांचे दर्शन नाही आणि श्रेयनामावलीत नाव नाही. ‘अलबेला’त चिक चॉकलेट आणि त्यांचे साथीदार झालरीच्या बाह्यांचे सदरे घालून प्रत्यक्ष दिसतात. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्या वाट्याला तेवढेही आले नव्हते. वाद्यवृंदाची आखणी करणारा, प्यारेलालांना व्हायोलिन शिकवणारा हा माणूस; शेवटी शिष्याने १९७७ मध्ये ‘अमर अकबर अँथनी’तल्या नायकाला आणि त्याच्या गाण्याला गुरूचे नाव दिले. सगळ्या देशाने ते नाव ओठांवर घेतले आणि ते एका खऱ्या गोंयकाराचे आहे हे फार थोड्यांना माहीत होते.

भगवानदादांकडे परत येऊ. जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला, आठवड्याच्या सात वारांना सात मोटारी, चेंबूरला स्वतःचा स्टुडिओ. मग ‘झमेला’ आला, तो ‘अलबेला’सारखा चालला नाही, पुढे ‘लाबेला’ पडला, पैसा अडकला, स्टुडिओ गेला, मोटारी गेल्या, बंगला गेला. भगवानदादा दादरच्या चाळीत राहायला आले. इथवरची गोष्ट आपल्याकडे नेहमी ‘उत्कर्ष आणि ऱ्हास’ या साच्यात सांगितली जाते आणि ऐकणारा उसासा सोडून उठतो. माझा आक्षेप इथे आहे. या गोष्टीचा सर्वांत मोठा भाग त्यानंतर सुरू होतो. १९५१ चे वैभव काही वर्षांचे. त्यानंतर जवळजवळ चार दशके हा माणूस काम करत होता. मिळेल ते. हवालदार, दारुडा, लग्नातला पाहुणा, टपरीवाला. नायकाच्या मागे नाचणाऱ्या घोळक्यातला एक. दीड मिनिटाचे काम, कधी अर्ध्या मिनिटाचे. त्यांच्या चित्रपटांची संख्या तीनशेच्या वर जाते, ती या कामांमुळे.

एकेकाळी ज्याच्या तालावर अख्खा देश नाचला, त्याने आता मागच्या रांगेत, दुसऱ्याने बसवलेल्या पावलांवर नाचायचे. तिथे दोन गोष्टी करता आल्या असत्या. रागाने घरी बसता आले असते. किंवा मागे राहून नायकाचा प्रसंग खायचा, जे जुन्या नटाला अगदी सहज जमते. भगवानदादांनी दोन्ही केले नाही. तुकडे जमवून पाहा: ते रांगेतून बाहेर येत नाहीत, कॅमेऱ्याकडे बघत नाहीत, नेमून दिलेली जागा सोडत नाहीत. फक्त खांदा तसाच हलतो. ज्याला ओळखायचे तो त्या खांद्यावरून ओळखतो. गणपतीत मिरवणुका त्यांच्या चाळीखाली थांबत आणि दादांनी खाली येऊन दोन पावले टाकली की मगच पुढे सरकत, असे त्या भागातले लोक सांगतात. ४ फेब्रुवारी २००२ ला ते गेले. २०१६ मध्ये ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट आला, मंगेश देसाई यांनी त्यांची भूमिका केली. चांगला प्रयत्न होता. पण मला अजून एका चित्रपटाची वाट आहे: ज्यात ‘अलबेला’ नसेल, फक्त नंतरची ती चाळीस वर्षे असतील.

असा चित्रपट होऊ शकतो, याचा दाखला इंग्लंडात आहे. जिल गोल्डस्टन या बाईंनी ब्रिटिश टीव्ही आणि सिनेमात सुमारे दोन हजार ठिकाणी मागच्या माणसाचे काम केले. कधी रस्त्यावरची पादचारी, कधी दुकानातले गिऱ्हाईक, कधी समारंभातली पाहुणी. २०२२ मध्ये अँथनी इंग यांनी ‘जिल, अनक्रेडिटेड’ नावाचा लघुपट केला. त्यात नवे चित्रीकरण जवळजवळ नाही. जुन्या कार्यक्रमांतून जिलबाई जिथे जिथे मागे दिसतात ते तुकडे शोधून एकापुढे एक ठेवले आहेत. तरुण बाई हळूहळू प्रौढ होताना दिसते, कपड्यांच्या पद्धती बदलतात, केस बदलतात, पुढची माणसे येतात आणि जातात, आणि ही मागे चालते आहे. हे करता आले, कारण तिथल्या संस्थांनी फिती जपल्या होत्या आणि या बाईंच्या कामाची नोंद कोणीतरी ठेवली होती. आपल्याकडे आधी फितीच किती गेल्या! ‘राजा हरिश्चंद्र’चीसुद्धा पूर्ण प्रत आज नाही.

गर्दीचा विक्रम मात्र आपल्याच मातीत झाला. रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘गांधी’तला अंत्ययात्रेचा प्रसंग ३१ जानेवारी १९८१ ला, म्हणजे प्रत्यक्ष अंत्ययात्रेच्या तेहेतिसाव्या स्मृतिदिनी, दिल्लीत चित्रित झाला. तीन लाखांवर माणसे जमली. त्यांतली बहुतेक स्वतःहून आलेली. पडद्यावर तो प्रसंग दोनेक मिनिटांचा. त्या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्याबरोबर भानू अथैया यांना ऑस्कर मिळाले, भारतीयाला मिळालेले पहिले. कोल्हापूरच्या या बाईंचे कौतुक कस्तुरबांच्या साड्यांसाठी होते, पण त्या चित्रपटात किती दशकांची, किती जातींची, किती प्रांतांची गर्दी आहे ते पाहा. स्टेशनवरचा हमाल, चंपारणचा शेतकरी, दांडीच्या वाटेवरची बाई. मागच्या माणसाचे धोतर चुकीच्या पद्धतीने नेसलेले असते तर पुढच्या बेन किंग्जलींचे उपरणे कितीही बरोबर असून काय उपयोग?

रंगभूमीवर हा विचार सर्वांत पुढे नेला तो ‘घाशीराम कोतवाल’ने. १९७२, पुणे. तेंडुलकरांचे नाटक, जब्बार पटेल दिग्दर्शक, भास्कर चंदावरकर यांचे संगीत, कृष्णदेव मुळगुंद यांच्या हालचाली. पंचे आणि शेंड्या असलेल्या ब्राह्मणांची एक रांग प्रेक्षकांसमोर उभी राहते. ती डोलते, गाते. पाठ फिरवली की भिंत होते, फट ठेवली की दार होते, आणि त्या भिंतीआड पुण्यात जे चालले आहे ते दिसते आणि लपते. मोहन आगाशे यांचा नाना सर्वांना आठवतो. पण रांगेतल्या एकाचा ठेका चुकला असता तर नाना उभा राहिला असता कुठे? त्या नाटकात नेपथ्यच माणसांचे आहे.

आपल्याकडे पेडण्यात, आणि पलीकडे वेंगुर्ला-सावंतवाडीत, दशावताराने मागच्या माणसाचा प्रश्न वेगळ्याच रीतीने सोडवला आहे. तिथे लिहिलेली संहिता नाही, प्रत्येक जण आपला रंग आपण लावतो, आणि आख्यानातल्या लहानात लहान पात्रालाही प्रसंग पडला की स्वतःच्या बुद्धीने बोलावे लागते. त्यामुळे तिथे नुसता उभा राहणारा कोणी नसतो. डिचोलीच्या बाजूच्या ऐतिहासिक नाटकांत मात्र असतो, आणि तो मीही होतो. शाळकरी वयात गावच्या नाटकात मला भालदार केले होते. भाल्याचे पाते पुठ्ठ्याचे, त्यावर बेगड चिकटवलेली. मिशी डिंकाने लावलेली. घाम आला की ती ओठावर खाली सरकायची आणि हात लावायची सोय नाही. दरबाराचा प्रवेश लांबलचक. मागे उभा राहून मी जे शिकलो ते पुढे कुठल्या शिबिरात शिकलो नाही: दुसरा बोलत असताना ऐकायचे. खरोखर ऐकायचे. रोज तेच वाक्य, तरी आज प्रथमच कानावर पडते आहे असे. महाराज चिडले की भालदाराची मूठ आपोआप घट्ट व्हायला हवी, आणि ती झाली की समोर बसलेल्या आयाबायाही सावरून बसायच्या.

मुंबईत आज या कलावंतांच्या संघटना आहेत. पुरुषांची वेगळी, बायकांचा महिला कलाकार संघ वेगळा. ओळखपत्र असल्याशिवाय काम नाही, माणसे पुरवणारा सप्लायर असतो, चेहरा-कपडे पाहून वर्ग ठरतात, आणि श्रीमंतांच्या पार्टीत शोभेल अशा माणसाला ‘डिसेंट’ म्हणून वेगळा दर. हा शब्द मला फार टोचतो. ज्याला झोपडपट्टीच्या प्रसंगात उभे करायचे तो मग कोण? शिवाय आता गर्दी संगणकावरही होते. पन्नास माणसांची पाच हजार करता येतात, आणि एकदा चेहरा टिपून घेतला की माणसाला पुन्हा बोलावण्याची गरजही राहत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या नटांनी जो दीर्घ संप केला, त्यात मागच्या माणसांच्या चेहऱ्याच्या प्रतिकृतीचा मुद्दा होता: परवानगी आणि मोबदला यांशिवाय ती वापरायची नाही. आपल्या संघटनांनीही हा मुद्दा आत्ताच करारात घालून घ्यावा. उशीर झाला तर करार करायला माणूसच उरणार नाही.

आणि आपण इथे काय करायचे? मुरगाव, पेडणे, डिचोली, कुठल्याही तालुक्यात मंडळांकडे जुनी हस्तपत्रके आहेत, नाटकांची छायाचित्रे आहेत. हस्तपत्रकावर ‘इतर : सैनिक, नागरिक’ असे छापलेले असते. छायाचित्रात मागच्या रांगेला दहा-बारा चेहरे असतात. ते ओळखणारी माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. प्रत्येक मंडळाने चतुर्थी ते शिमगा एवढ्या अवधीत एवढेच करावे: छायाचित्र घेऊन त्यांच्या घरी जावे, डावीकडून उजवीकडे एकेक नाव विचारावे, नाव, वाडा आणि नाटकाचे साल मागे शिसपेन्सिलीने लिहावे. शाईने लिहू नका, ती पुढच्या बाजूला फुटते. मग त्याची एक प्रत वाचनालयात ठेवावी. आणि यंदाच्या नाटकाचे हस्तपत्रक छापायला द्याल, तेव्हा ‘इतर’ हा शब्द काढून तिथे नावे घाला. जागा पुरत नसेल तर माझ्यासारख्या वक्त्यांची आणि प्रमुख पाहुण्यांची नावे लहान टायपात घ्या.